बुडबुड्यांची नोंद

पहिल्या चाचणीत मला एकतीस मिळाले,
शंभरपैकी.
झुपॅन्सिच बाई गुणसुद्धा पेन्सिलीनंच लिहितात.

नोव्हेंबर होता. जुन्या खाणीच्या खड्ड्यातलं पाणी
कडेकडेनं गोठायला लागलेलं,
आणि मी बसच्या मागच्या बाकावर
ओठ हलवत व्याख्या घोकत होते.
वस्तुमान म्हणजे. वजन म्हणजे. त्वरण म्हणजे.
शाळेपाशी बस थांबली
की सगळं सांडून जायचं,
मालगाडीतून रुळांकडेला सांडतात
त्या टॅकोनाइटच्या गोळ्यांसारखं.

आमच्या गावात त्या गोळ्या कुठंही सापडतात.
बुटांच्या खाचांत, बाबांच्या खिशांतून
धुलाईयंत्राच्या तळाशी,
पोरांच्या गलोलीत.
मिनेसोटाचं अख्खं लोखंड असं
करड्या वाटाण्यांएवढं होऊन जातं बंदराकडे,
आणि कुणी वाकून बघत नाही.
बाईंनी वाडगाभर आणल्या.
म्हणाल्या, घनता काढा.

ड्वेननं दहा मोजून तराजूवर ठेवल्या.
चौतीस पूर्णांक दोन ग्रॅम.
मी मोजपात्रात तीस मिलिलिटर पाणी घेतलं,
उभ्याउभ्याच वाचलं.
"कायसा, पाण्याला असं वरून विचारू नये."
तेव्हा मी गुडघे टेकले
फरशीवर, कुणाच्या तरी वाळल्या च्युइंगमशेजारी,
आणि डोळा पाण्याच्या रेषेत आणला.

पाणी काचेला धरून कडेनं वर चढतं,
मधे खोलगट होतं,
खरा आकडा त्या खोलगटाच्या तळाशी असतो.
चौदा वर्षं मी रोज पेल्यानं पाणी पीत आले
आणि हे मला दिसलं नव्हतं.

गोळ्या सोडल्या. पाणी एकोणचाळीसवर.
भागाकार केला, तीन पूर्णांक आठ.
शेजारच्या टेबलावर चार पूर्णांक दोन.
"त्यांचंच लिही," ड्वेन कुजबुजला,
"त्यांना नेहमी बरोबर येतं."
मी खोडायला रबर उलटं धरलं
आणि तेवढ्यात
एका गोळीच्या पाठीवरून एक बुडबुडा सुटला.
मग दुसरा. मग मोहरीएवढे पाच-सात एकदम.
आणि पाणी, कुणी हात न लावता,
केसभर खाली उतरलं.

त्या दिवशी मी उत्तर लिहिलंच नाही.
दर मिनिटाला आकडा लिहिला, घंटा होईपर्यंत,
गुडघे बधिर होईपर्यंत,
आणि शेवटी: गोळ्या पाणी पितात असं वाटतं. का, माहीत नाही.
बाईंनी "माहीत नाही"खाली रेघ ओढली
आणि बाजूला लिहिलं, विचार कुणाला तरी.

बाबा दुसऱ्या पाळीवरून आले तेव्हा साडेअकरा झाले होते.
शाळा त्यांनी अकरावीत सोडली.
प्रगतिपुस्तकावर सही करताना
ते वाचत नाहीत, फक्त जागा शोधतात.
मी वही पुढे केली.
चमचा सूपमध्येच राहिला त्यांचा.
"भोकं असतात तिला," ते म्हणाले,
"मुद्दाम ठेवतो आम्ही. पुढे भट्टीत गरम वायू
आतपर्यंत शिरायला पाहिजे ना.
ठासून केली तर जाड पावासारखी,
बाहेरून करपते, गाभा कच्चा."
बावीस वर्षं ते हे करतायत
आणि मी म्हणत होते, बाबा प्लांटवर असतात.
"मग? किती आली घनता?"
मी म्हटलं, कितव्या मिनिटाची सांगू?

ते उठले. जॅकेटच्या शिवणीत चाचपून
एक गोळी काढली, पेल्यात टाकली,
आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून
बघत बसले,
टोपी न काढता.

जूनमधे मला त्र्याहत्तर मिळाले.
घोकणं मी सोडलं नाही, पण आता
प्रत्येक व्याख्येपुढे एक वस्तू मांडते,
हातात धरता येईल अशी.
त्वरणासाठी अजून काही सापडलेलं नाही.
ते गणित तेव्हाही चुकलं.